जोरात पेरलं तर दाणे उडतील?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

आम्ही दोघं भाऊ एकत्र शेती करतो. ४० एकर मका, ओळींत ७५ सेंटीमीटर अंतर. २० एकर सोयाबीन, ओळींत ४५ सेंटीमीटर. पेरणीला चार ओळींचा जुना प्लांटर आहे, चाकावर आणि साखळीवर चालणारा. ताशी आठ किलोमीटरच्या वर आम्ही तो नेत नाही. गेल्या हंगामात चार दिवसांत वाफसा (पेरणीजोगी ओल) गेला आणि १५ एकर मका लांबली. ती शेवटपर्यंत मागेच राहिली. म्हणून जलद पेरणीचा प्लांटर घ्यावा असं माझ्या मनात आहे. विक्रेता सांगतो, ताशी १६ किलोमीटरने पेरलं तरी दाणा जागच्या जागी पडतो, म्हणजे निम्म्या वेळात काम. थोरल्या भावाचा ठाम विरोध आहे. तो म्हणतो, ट्रॅक्टर पळवला की दाणे उडतात, खोली चुकते, उगवण फसते. आमचा ट्रॅक्टर हे यंत्र ओढेल का, हीही शंका आहे. काही तुकडे लांब आहेत, काही आखूड. दादाला कसं पटवू?

उत्तर

दादांचं म्हणणं बरोबर आहे. निदान तुमच्या दारात आज जो प्लांटर उभा आहे, त्याच्यापुरतं तरी नक्कीच.

जुन्या प्लांटरमध्ये एकेक दाणा सोडणाऱ्या भोकांच्या प्लेटवरून सुटलेला दाणा नळीतून आपल्या वजनाने खाली येतो. साधारण अर्धा मीटर पडायला त्याला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. सगळ्या दाण्यांना सारखाच वेळ लागला तर काही बिघडत नाही, सगळे सारखेच मागे पडतील. पण एखादा दाणा नळीच्या भिंतीला आपटतो आणि किंचित उशिरा पोचतो. हा उशीर सेकंदाचा पन्नासावा भाग धरा. ताशी ८ किलोमीटरला तेवढ्या वेळात प्लांटर साडेचार सेंटीमीटर पुढे गेलेला असतो, १६ ला जवळपास नऊ. मक्याच्या दोन झाडांत २० सेंटीमीटर ठेवायचे असतील तर नऊ सेंटीमीटरची चूक म्हणजे जवळजवळ अर्धं अंतर गेलं. शिवाय दाणा खाली पोचतो तो यंत्राचा पुढचा वेग अंगात घेऊनच. त्यामुळे तो चरात पडल्यावर थांबत नाही, उसळतो, घरंगळतो. दादा ज्याला ‘दाणे उडतात’ म्हणतात ते हेच, आणि ते त्यांनी चालत्या यंत्रामागे उभं राहून पाहिलेलं असणार.

जलद प्लांटरमध्ये नेमकी ही पडण्याची गोष्टच काढून टाकलेली असते. प्लेटवरचा दाणा ब्रशच्या किंवा खाचा असलेल्या रबरी पट्ट्यावर घेतला जातो आणि मातीपर्यंत धरून नेला जातो. तिथे पट्टा त्याला मागच्या दिशेने सोडतो, ट्रॅक्टर जेवढ्या वेगाने पुढे जातोय तेवढ्याच वेगाने. पुढचा वेग आणि मागचा वेग एकमेकांना खाऊन टाकतात आणि दाणा जमिनीवर जवळजवळ स्थिर टेकतो. जॉन डिअरचं ‘एक्झॅक्टइमर्ज’ २०१४ मध्ये आलं, त्यात ब्रशचा पट्टा आहे. प्रिसिजन प्लांटिंगच्या ‘स्पीडट्यूब’मध्ये खाचांचा. काही कंपन्या दुसरी वाट धरतात: हवेच्या दाबाने दाणा नळीतून थेट चरात ढकलायचा आणि तिथे एका छोट्या चाकाने दाबून थांबवायचा. म्हणजे विक्रेताही खोटं बोलत नाहीये. तो एका यंत्राबद्दल बोलतोय, दादा दुसऱ्या. घरात वाद पेटायला एवढं पुरतं.

पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला जास्त खटकलं, आणि ते दादांचं नाही, तुमचं आहे. ‘म्हणजे निम्म्या वेळात काम.’ वेग दुप्पट झाला की वेळ निम्मा होतो, हे तुम्ही गृहीत धरलंय. जरा कागद-पेन्सिल घेऊन बसू.

चार ओळी, ७५ सेंटीमीटर, म्हणजे एका फेरीत तीन मीटर रुंदी. दहा एकरांसाठी यंत्राला साधारण साडेतेरा किलोमीटर चालावं लागतं. ताशी ८ ने ते १०१ मिनिटं, १६ ने ५१. आता पेरणीची ओळ २०० मीटर लांब असेल तर ६७ वेळा वळायचं. वळणाला २५ सेकंद धरले तर २८ मिनिटं गेली. बियाणं-खत भरायला वीस मिनिटं. एकूण हिशेब १४९ मिनिटांवरून ९९ वर येतो. चांगलंच आहे, पण निम्मं नाही, दोन तृतीयांश आहे. आणि ओळ ८० मीटरचीच असेल तर? वळणं होतात १६९, म्हणजे नुसत्या वळण्यात ७० मिनिटं. आता १९१ चे १४१ झाले. ट्रॅक्टरने १६ चा वेग धरला की समोर धुरा, म्हणजे शेताची कड, आलाच, त्यामुळे प्रत्यक्षात तेवढाही फायदा पदरात पडत नाही.

याच हिशेबात सहा ओळींचा प्लांटर घाला, वेग तोच ताशी ८. लांब तुकड्यात १०६ मिनिटं, आखूड तुकड्यात १३४. म्हणजे आखूड तुकड्यांत रुंद आणि संथ यंत्र हे अरुंद आणि वेगवान यंत्रापेक्षा आधी काम उरकतं, कारण रुंदी वाढली की वळणंही कमी होतात आणि वेग वाढल्याने एकही वळण कमी होत नाही. रुंद यंत्राच्या स्वतःच्या कटकटी आहेत. ते जड असतं, रस्त्याने न्यायला अवघड, मागे उचलायला ट्रॅक्टर तेवढा दमदार हवा. पण जलद प्लांटर की जुना प्लांटर, या दोनच पर्यायांत तुमची चर्चा अडकली आहे. तिसरा कोणी बोललेलाच दिसत नाही.

अजून एक हिशेब, आणि हा जरा टोचेल. तुमच्या जुन्या प्लांटरने, ताशी ८ च्याच वेगाने, ४० एकर मक्याला दहा ते पावणेतेरा तास लागायला हवेत. सोयाबीनच्या ओळी जवळ असल्याने रुंदी कमी मिळते, त्यामुळे २० एकरांना आठ ते दहा. वळणं आणि भरणं धरून सगळं मिळून १८ ते २३ तास. वाफसा चार दिवस होता. दिवसाला पाच-सहा तास यंत्र मातीत चालतं राहिलं असतं तरी तुमची साठच्या साठ एकर पेरणी उरकली असती. मग ती १५ एकर का राहिली?

हे मी इथे बसून सांगू शकत नाही, तुम्हीच सांगू शकाल. साखळी तुटली का? खत यायला दुपार झाली का? एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाण्यात सकाळ गेली का? ट्रॅक्टर चालवणारा एकच माणूस, तो जेवायला बसला की यंत्र उभं, असं तर नाही? येत्या पेरणीला एक साधी वही डॅशबोर्डवर ठेवा. यंत्र जमिनीत उतरलं की वेळ, उचललं की वेळ, आणि थांबलं तर कारण, एकाच शब्दात. पहिल्याच दिवसाच्या संध्याकाळी ती वही दोघांनी मिळून वाचा. उभं राहिलेलं यंत्र कितीही वेगवान असलं तरी उभंच राहणार आहे. बियाणं-खताची ट्रॉली धुऱ्यावर तयार असणं आणि दुसरा चालक असणं यातून जो वेळ सुटेल, त्याच्यासाठी कर्ज काढावं लागत नाही.

‘हळू म्हणजे चांगलं’ हेही तपासायला हवं. त्यात दादांचा थोडा भाबडेपणा आहे, तो तुम्ही त्यांना सांगू नका, यंत्रालाच सांगू द्या. साखळीची एखादी कडी आखडली की प्लेट झटके देत फिरते. चाक घसरलं की तेवढ्या पट्ट्यात नांग्या, म्हणजे दाण्याविना रिकाम्या जागा, पडतात. प्लेटची भोकं झिजली की एका जागी दोन दाणे. ही सगळी पापं ताशी पाच किलोमीटरलाही घडतात आणि उगवून आल्यावर त्यांचा दोष बियाण्याच्या माथी जातो. जुन्या प्लांटरच्या प्लेट, ब्रश, साखळ्या, नळ्या आणि चर उघडणाऱ्या डिस्क बदलून घेतल्या तर पेरणी किती सुधारते हे पाहून अनेकांना धक्का बसतो. नळीच्या जागी पट्टा आणि साखळीच्या जागी इलेक्ट्रिक मोटर बसवण्याचे संच जुन्या सांगाड्यांवर बसवता येतात, पण सांगाडा धड असेल आणि त्याच्या मापाचा संच मिळत असेल तरच.

आता खोलीबद्दल. दाण्यांच्या अंतरापेक्षा मला याची काळजी जास्त वाटते, आणि दादांनाही वाटायला हवी. मक्यात दोन झाडांतलं अंतर थोडं इकडेतिकडे झालं तर पीक सोसून घेतं. शेजारच्या झाडापेक्षा दोन पानं मागे उगवलेलं झाड मात्र पुढे सावलीतच राहतं, कणीस धरलं तरी बारकं, आणि तोवर त्याने पाणी-खत खाल्लेलं असतंच. सगळी झाडं एकदम वर येण्यासाठी सगळे दाणे एका खोलीवर, सारख्या ओलीत हवेत. वेग वाढला की ओळीचं युनिट (चर पाडून दाणा टाकणारा भाग) ढेकळांवर, जुन्या धाटांवर, ट्रॅक्टरच्या चाकोरीवर उड्या मारायला लागतं, आणि प्रत्येक उडीत काही दाणे वरच्या कोरड्या मातीत राहतात. म्हणून जलद यंत्रांत युनिटवरचा दाब महत्त्वाचा. स्प्रिंगचा दाब ठरलेला असतो, जमीन बदलली तरी तो बदलत नाही. हायड्रॉलिक दाब सेन्सरच्या सांगण्यावरून क्षणात कमीजास्त होतो. हा भाग नसलेलं ‘हायस्पीड’ यंत्र कोणी दाखवलं तर घाई करू नका.

दाब जास्त म्हणजे चांगलं असंही नाही. ओल जास्त असताना दाब वाढवला तर चराच्या भिंती लिंपल्यासारख्या घट्ट होतात, मुळं आडवी पसरत नाहीत, चराच्याच दिशेने धावतात, आणि माती सुकली की चर उकलतो. वाफसा पूर्ण येण्याआधी घुसायचा मोह वेगवान यंत्रामुळे वाढतो, कमी होत नाही, हे मी बजावून ठेवते. आणि रान समतल नसेल, ढेकळं फुटलेली नसतील, तर १६ चा आकडा विसरून जायचा.

ट्रॅक्टरचा प्रश्न थोडक्यात. वेग दुप्पट केला की ओढायला लागणारी शक्ती दुपटीच्याही वर जाते, कारण वेगाबरोबर मातीचा विरोधही वाढतो. त्यावर प्लेटवर दाणे हवेच्या ओढीने धरून ठेवणारा व्हॅक्यूमचा पंखा, हायड्रॉलिक तेलाचा प्रवाह आणि मोटरींना लागणारी वीज. विक्रेत्याला फक्त ‘किती एचपी’ विचारू नका. मिनिटाला किती लिटर तेल लागतं आणि विजेची सोय ट्रॅक्टरवरून होते की वेगळा अल्टरनेटर लागतो, हेही लिहून घ्या. पंखा पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, फिरत असेल तर धुऱ्यावर इंजिन हळू केलं की व्हॅक्यूम पडतो, प्लेटवरचे दाणे सुटतात आणि ओळीच्या सुरुवातीलाच नांग्या दिसतात. चालकाला ही एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवावी लागते.

सोयाबीनसाठी मी या यंत्राचा आग्रह धरणार नाही. ते झाड फांद्या फोडून रिकामी जागा भरून काढतं, त्यामुळे अचूक अंतराची किंमत तिथे कमी. शिवाय पाच सेंटीमीटरला एक दाणा टाकायचा तर ताशी ८ ला एका ओळीत सेकंदाला ४४ दाणे सोडावे लागतात, १६ ला ८९. मक्यात २० सेंटीमीटरला हेच आकडे ११ आणि २२ आहेत. सगळ्याच प्लेटना सोयाबीनचा तो वेग झेपत नाही.

मग खरं-खोटं ठरवायचं कसं? पडद्यावरून नाही. नव्या यंत्रांत ट्रॅक्टरमध्ये एक स्क्रीन असते आणि ती ९९ टक्के वगैरे आकडे हिरव्या रंगात दाखवत राहते. ते आकडे खोटे नसतात, पण सेन्सर मोजतो ते जवळून गेलेले दाणे. दाणा मातीत कुठे थांबला, किती खोल गेला, त्याच्यावर ओली माती पडली की कोरडी, हे त्याला दिसत नाही. ते खुरप्यालाच दिसतं.

विक्रेत्याला यंत्र तुमच्या रानात, तुमच्या बियाण्यावर चालवायला सांगा. त्याने निवडलेल्या सपाट रानातलं प्रात्यक्षिक पाहून निर्णय घेऊ नका. एकाच तुकड्यात शेजारी शेजारी चार पट्टे पेरा: ८, १०, १२ आणि १४ च्या वेगाने. पट्ट्यांच्या टोकाला खुंट्या ठोका. मग प्रत्येक पट्ट्यात एका ओळीची माती हलक्या हाताने, थराथराने बाजूला करा, दाणा न हलवता. सलग वीस दाणे उघडे पडले की टेप लावा. ठरलेल्या अंतराच्या निम्म्याहून कमी असेल तर तो जोडदाणा धरायचा, दीडपटीहून जास्त असेल तर नांगी. प्लांटर तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीतही हीच मापं वापरतात. २० सेंटीमीटरच्या पेरणीत म्हणजे १० च्या आत आणि ३० च्या वर. प्रत्येक दाण्याची खोलीही लिहा. ज्या वेगाला जोडदाणे, नांग्या किंवा खोलीतला फरक वाढायला लागतो, त्याच्या एक पायरी खालचा वेग तुमच्या रानाचा. तो १२ निघाला तर १२. छापील माहितीपत्रकाला वाईट वाटायचं कारण नाही.

उगवण सुरू झाली की त्याच पट्ट्यांत रोज नव्याने वर आलेल्या कोंबांशेजारी त्या दिवसाच्या रंगाची काडी रोवा. पहिल्या दोन दिवसांच्या रंगांतच जवळजवळ सगळी झाडं आली तर काम छान झालं. तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या काड्या जास्त दिसल्या तर त्या झाडांच्या मुळाशी उकरून बघा, कारण तिथेच सापडतं. झाडांची संख्या मोजायला ७५ सेंटीमीटरच्या ओळीत ५.४ मीटर लांबी घ्या. ती एकराचा हजारावा भाग आहे. तेवढ्यात २६ झाडं असतील तर एकरी २६ हजार.

हे उकरण्याचं काम दादांना करू द्या. ‘त्याला कसं पटवू’ असं तुम्ही विचारलंय, पण वर्षानुवर्षं जो माणूस मातीत हात घालून पेरणी कशी झाली हे ओळखत आलाय, त्याला पटवायची गरज नसते, त्याला तपासायला द्यायचं असतं. वेग कितीवर ठेवायचा याचा शेवटचा शब्दही पहिल्या हंगामात त्यांचाच ठेवा. तुम्हाला हे हार मानल्यासारखं वाटेल, पण या यंत्रामागे खुरपं घेऊन चालणारा एक संशयी माणूस लागतोच, आणि तुमच्या घरात तो आयता आहे.

एक वेगळीच गोष्ट, जी विक्रेते क्वचित काढतात. व्हॅक्यूमचा पंखा हवा ओढतो ती बाहेरही फेकतो, आणि तिच्याबरोबर बियाण्यावरच्या कीटकनाशकाची धूळ उडते. २००८ च्या वसंतात जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या वरच्या खोऱ्यात मक्याच्या पेरणीतून उडालेल्या क्लोथियानिडिन या कीटकनाशकाच्या धुळीने मधमाश्या मोठ्या संख्येने मेल्या. त्यानंतर तिथे पंख्याची हवा जमिनीकडे वळवणारे पाइप लावायला लागले. तुमच्या यंत्रावर तशी सोय आहे का ते बघा, वारा असताना फुललेल्या तणाच्या कडेने पेरू नका, आणि डबे भरताना तोंडावर मास्क असू द्या.

तुमच्या जागी मी असते तर या हंगामात विकत काहीच घेतलं नसतं. जुन्या प्लांटरची झिजलेली अंगं बदलून सोयाबीन आणि मक्याचे आखूड तुकडे त्यानेच पेरले असते, आणि मक्याच्या लांब तुकड्यांसाठी जलद प्लांटर चालकासह भाड्याने आणला असता. दोन्ही यंत्रं एकाच दिवशी वेगवेगळ्या रानांत चालली तर चार दिवसांचा वाफसा पुरून उरेल. हंगामानंतर वहीतली कारणं, टेपचे आकडे आणि काड्यांचे रंग समोर ठेवून ठरवा: जलद, रुंद, की आहे तोच. पुढे नवीन घेतलंत तरी जुना प्लांटर पहिल्या वर्षी विकू नका. मोटर किंवा वायरिंग ऐन पेरणीत बिघडलं आणि मेकॅनिक दोन दिवसांनी येतो म्हणाला, तर हाताशी दुसरं काही हवं.

भाड्याचं यंत्र ठरवताना तुमच्या बियाण्याचा आकार आधी कळवा आणि त्याला जुळणाऱ्या प्लेट आधीच मागवून ठेवा. बियाणं चिकट लेपाचं असेल तर दाणे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यात मिसळायची टाल्क-ग्राफाइटची पूडही आणून ठेवा. वाफसा आल्यावर या दोन वस्तूंसाठी धावपळ करणारे दर हंगामात भेटतात.